वाळत घातलेला मोजा

“चार तास चढतोय, पण ते बर्फाचं शिखर जवळ यायला तयार नाही,” निवृत्त मास्तर कुरकुरले. डोंगरभ्रमंतीचा चौथा दिवस. सर्वांत पुढे वाटाड्या, मागे त्याची लेक, मध्ये नऊ दमलेली माणसं. तेवढ्यात शिवणवाल्या काकू ओरडल्या, “अगंबाई, माझा मोजा!” सकाळी चहाच्या थांब्यावर एका खडकावर वाळत घातलेला मोजा त्या तिथेच विसरल्या होत्या, आता तो समोर खडखडीत वाळून पडला होता. मोजा इथे कसा? सगळेच गोंधळले. “वाऱ्याने आणला असेल,” लेक घाईघाईने म्हणाली. कालही बाप एका फाट्यावर अडखळला, तेव्हा तिने असंच सांभाळून घेतलं होतं. “आणि मी त्यावर ठेवलेला धोंडाही?” काकू म्हणाल्या आणि लेकीचा चेहरा पाहून एकदम बुटाची नाडी बांधायला वाकल्या. तीस वर्षं वाट दाखवणाऱ्या बापाने मोजा झटकून काकूंना परत दिला. “पोरी, पुढे हो. मला वाट आठवत नाहीये.”