अर्धवट उघडा

ट्रान्झिस्टर नखाएवढा होता आणि बाबांच्या बोटावरचा फोडही बरोब्बर तेवढाच. गुडघ्यांमुळे सारखं उठवत नाही, म्हणून त्यांनी पडद्याला मोटर बसवली होती. पडदा हलत नव्हता. मोटर नुसती कण्हत होती.

“हात कशाला लावलात?” लेकीने विचारलं.

“तापलाय का ते बघायला.”

“तापणारच! तुमचा मायक्रोकंट्रोलर, ती हुकूम देणारी चिप, देते जेमतेम तीन व्होल्ट. तेवढ्यात मोटरला वीज सोडणारा हा ट्रान्झिस्टर नळासारखा अर्धवटच उघडतो. ना धड चालू, ना धड बंद. जळतो तो त्या अर्धवटपणामुळे. तीन व्होल्टमध्ये पुरता उघडेल असा निवडायचा.”

“चुकलं, मास्तरीणबाई.”

तिने डबीतून दुसरा शोधून जोडला. बाबांनी खुर्चीतूनच बटण दाबलं. पडदा सरसर सरकला आणि खोलीभर ऊन आलं.

“झालं तुमचं काम. आता माझं बोला. आमच्याकडे राहायला कधी येताय? वर्षभर नुसतं ‘बघू, बघू’ चाललंय.”

‘बघू’ पुन्हा ओठांवर आलंच होतं. बाबांनी नव्या ट्रान्झिस्टरला हळूच बोट लावलं. गार होता.

“नाही येणार, बेटा. मी इथेच राहणार.”