मधे टोपलं न्हाई

रामकिशन सरांनी शिट्टी फुंकली आणि जगदेवी चौकटीतच उभी राहिली.

"मावशी, गळ्यात काय आहे ते काढा, टोपल्यात ठेवा आणि मग पलीकडे या."

टोपलं निळं, प्लास्टिकचं, भाजी धुवायचं. चौकट मात्र अस्सल सागवानी. किल्लारीकडे भूकंपात भिंती बसल्या, वरचं मातीचं माळवद बसलं, ही एकटीच उभी राहिली, म्हणून सरांनी ती भंगारवाल्याकडून उचलून आणलेली. विमानतळावरच्या यंत्राचं दार म्हणजे ही चौकट, आणि यंत्राचा आवाज म्हणजे स्वतः सर. ते शाळेत कवायत घ्यायचे तेव्हा त्यांच्या शिट्टीनं पार तिकडं मुरुडची बैलं जागच्या जागी थांबायची, असं सांगतात. बैलांनी अजून तरी नाही म्हटलेलं नाही.

त्या दिवसांत लातुरात फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांनी क्लासवर माड्या चढवल्या होत्या. कवायतीचा क्लास कोण लावणार? सरांनी डोकं चालवलं. शिकून परदेशी गेलेली पोरं आता आईबापांना बोलावू लागली होती. सरांनी पाटी लावली, 'परदेश पॅटर्न'. चालत्या जिन्यावर पाय कसा टाकावा, न्हाणीबाहेर पाणी न सांडता आंघोळ कशी करावी, बर्फावरून कसं चालावं. बर्फाच्या धड्याला फरशीवर साबणाचं पाणी ओतलं होतं. त्या धड्यात सर पडले, जगदेवी पडली नाही.

सगळ्यात पास झाली, आता एवढं दार उरलं. टोरांटोत तिच्या अंबिकाचे दिवस भरत आले होते आणि जवळ बाईमाणूस कुणी नव्हतं. जावई सरांच्याच हाताखाली शिकलेला. 'सर पास म्हणाले की तिकीट काढतो,' असं त्यानं कळवलं होतं, आणि त्याचा फोन आता कुठल्याही घडीला येणार होता.

"इष्टलिंग हाय ते," जगदेवी म्हणाली. "काढत न्हाईत."

"मला माहीत आहे, मावशी. क्षणाचं काम. टोपलं पलीकडे येतं, उचलायचं, परत गळ्यात घालायचं."

"जित्तेपणी अंगावर, मेल्यावर अंगासंगं मातीत. मधे टोपलं न्हाई."

रांगेतला खाजाभाई फिसकन हसला. गाद्या भरणारा माणूस; लेक हारिस दुबईला, त्याच्याकडे निघालेला. दंडावरचा तावीज त्यानं सांगण्याआधीच टोपल्यात ठेवला होता; मागच्यांनीही आपापलं काढून ठेवलं होतं.

"सर, अम्माला पुढल्या बॅचला बसवा. लई टाइम खाऊन राहिल्या."

"तुम्ही गप बसा, खाजाभाई," जगदेवी म्हणाली. "तुमचा तावीज बगा, कसा पोरका पडलाय तिथं."

खाजाभाईनं टोपल्यात बघितलं आणि हसणं आवरलं.

"बरं, मग बॅगेत टाका," सर म्हणाले. "बॅग वेगळ्या वाटेनं जाते."

जगदेवीनं कमरेची चंची सोडली. आत मऊ कापडात गुंडाळलेलं दुसरं लिंग होतं, नवंकोरं.

"हे येणाऱ्याचं. जल्मल्यावर बांधायचं असतंय आमच्या लिंगायतांत. तिथलं पाणी पिणार, तिथली भाषा बोलणार ते लेकरू. हितलं तेवढं एक गळ्यात असू द्या की. आन् मीच माझं काढून बॅगेत कोंबलं, तर त्याला कोणत्या तोंडानं बांधू?"

सरांना धडा आठवला.

"तिथं पोलीस असतात, मावशी. शिट्टी वाजली की बाजूला उभं करतात."

"करू द्या की. बाजूलाबी जमीनच असंल." तिनं चौकटीवर हात ठेवला. "हिच्या गावाशेजारचंच माझं गाव. अख्खं माळवद छातीवर आलं व्हतं. त्यानं हे काढलं न्हाई. तुमची शिट्टी काढती व्हय?"

"असं तिथं चालत नाही!"

"न चालू द्या," जगदेवी म्हणाली. "मी चालते की."

आणि पदर खोचून निघाली. पलीकडे गेली, शिट्टी वाजली. वळून अलीकडे आली, शिट्टी वाजली. पुन्हा पलीकडे. खालच्या रस्त्यावर रिक्षावाले कचाकच ब्रेक मारून वर बघू लागले. मुरुडच्या बैलांचं काय झालं ते कळलं नाही. खाजाभाईनं टोपल्यात हात घातला, तावीज दंडाला लावला, दातानं गाठ आवळली आणि तिच्या मागं लागला. देगलूरची नागम्मा बॅच सुरू झाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिनं मुकाट्यानं टोपल्यातलं आपलं मंगळसूत्र उचललं. तिच्या मागं रांगेतला शेवटचा मारोती, चांदीचा करदोडा कमरेला अडकवत. चौकटीतून आत-बाहेर, आत-बाहेर अशी रांगच लागली. सरांचे गाल फुगले, कान लाल झाले, आणि शेवटी शिट्टीतून नुसती हवा आली, आतला मणी खुळखुळला.

टेबलावरचा फोन वाजला.

"सर, नमस्कार. सासूबाई पास?"

सरांनी रिकाम्या टोपल्याकडे पाहिलं. जगदेवी पुन्हा चौकटीत शिरत होती.

"तिकीट काढा," ते धापा टाकत म्हणाले. "आणि तिथल्या मशीनला म्हणावं, दम राखून ठेव."