जिभेखालचे थेंब

"रॉस्कोकाका, काकूंचा श्वास थांबलाय," नर्स ओडेसा त्या दुपारी म्हणाली.

"हळू बोल," मी म्हणालो. "तिच्या जिभेखाली थेंब आहेत."

अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जियात आजाऱ्यालाही गांजा ओढू देत नाहीत. त्याचं तेल मिळतं, तेही सौम्य. थेंब जिभेखाली धरायचे आणि जरा वेळ गप्प बसायचं. माझ्या बडबड्या इनेझला तेच जड जायचं. गिळलं की म्हणायची, "तुला जमलं नाही, पण सरकारनं माझं तोंड बंद केलं बघ! आता ऐक, कुठं फिरून आले." मग कधी नदी असायची, कधी पीचच्या मोहोरात उभी तिची आई.

त्या दुपारीही मी तिचा हात धरून वाट बघत होतो.

त्या खेपेचं ऐकायचं राहिलंय.