उत्कृष्ट बैल

पोरींना पाळी समजावून सांगायची म्हणून मी लाल मखमलीचं गर्भाशय शिवलं. माणसाएवढं उंच, आत शिरून अंगावर चढवायचं, आणि वर दोन्ही बाजूंना कापूस भरलेल्या वाकड्या नळ्या. पाचवीच्या वर्गात ते घालून मी अशी काही नाचले की पोरी हसून हसून बाकाखाली गेल्या, आणि मग मनातलं सगळं विचारत सुटल्या.

मुख्याध्यापिका घाबरल्या. त्यांनी डॉक्टर अनिबाल यांचं मत घेतलं. सगळ्या बारांकिया शहरात नावाजलेले स्त्रीरोगतज्ज्ञ ते! माझं सोंग न बघताच म्हणाले, "नर्सबाई, नाचून दाखवलंत म्हणून एवढ्याशा पोरींना काय डोंबल कळणार?"

झालं, माझा तास बंद.

म्हटलं, एवढं शिवलंय तर कार्निव्हलला तरी घालू. बैल, वाघ, माकडं अशा सोंगांच्या गर्दीत ढोलाच्या तालावर मीही घुमले. आमच्या गल्लीच्या स्पर्धेला परीक्षक कोण, तर हेच डॉक्टर! माझ्याभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, नळ्या कौतुकानं हलवून पाहिल्या आणि माइक हातात घेतला.

"यंदाचा उत्कृष्ट बैल! अहाहा, काय ती शिंगं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात पाचवीतली यूरानिस खुर्चीवर चढून ओरडली,



"अहो डॉक्टर, शिंगं कसली? गर्भनलिका आहेत त्या! तुम्हाला शाळेत कुणी शिकवलंच नाही का?"