साकव घालायचा नाही

"साकव कुठं आहे?" चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांनी छत्री सावरत विचारलं.

"औंदा न्हाई घातला," तुळजा म्हणाली.

समोर ओढा दुथडी भरून वाहत होता. पलीकडे वाडी, अलीकडे बाजाराचं गाव, आणि दोन्हींची पंचायत एकच. तुळजा तिची अध्यक्षा. गाळ्यांचं भाडं आणि घरपट्टी साठून पंचायतीच्या खात्यात पुलापुरता पैसा पडून होता. पण एका कामावर किती खर्च करायचा याची मर्यादा सरकारने घालून दिलेली. कणगी आपली आणि कुलूप दुसऱ्याचं! तुळजा दरवर्षी या मर्यादेला हरकत घेई. मग कोणीतरी साहेब चौकशीला येई, वाडीने अंगमेहनतीने घातलेला बांबूचा साकव बघे आणि लिहून जाई की जायची-यायची सोय आहे, जादा खर्चाची गरज नाही. वाडीच्या कष्टांनीच वाडीचा घात केला होता. म्हणून यंदा ठरलं, साहेब येऊन जाईपर्यंत साकव घालायचा नाही. बांबू तोडून पलीकडच्या काठावर रचून ठेवले होते. तुळजाचं घर वाडीतच. जंगलातून अर्ध्या दिवसाचा फेरा मारून ती कालच अलीकडे आली होती.

साहेबांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. "अवघड आहे खरं," ते म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या दत्तप्रसादने, पंचायतीच्या मेंबराने, तुळजाला हळूच कोपराने ढोसलं. काम फत्ते होत आलं होतं.

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली. वाडीतला कान्हू धावत काठावर आला, मागून चौघेजण घोंगडीची झोळी घेऊन.

"अक्काऽऽ! राखीला घोणस चावली!"

राखी त्याची बायको. दवाखाना रामनगरला, म्हणजे अलीकडेच. पाण्याला अशी ओढ, की उतरेल तो वाहूनच जाईल. आणि जंगलाच्या फेऱ्याने नेईपर्यंत ती वाचायची नाही.

दोन्ही काठांवरची माणसं तुळजाकडे बघू लागली. तिच्या मनात काय आलं ते तिने पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. साहेबांच्या डोळ्यांदेखत ही गेली, तर पूल नक्की.

"अक्का, वाईच दम धर," दत्तप्रसाद कानाशी कुजबुजला. "सायेबास्नी बघू दे. साकव घातला की परत तेच लिवणार."

आपलाच विचार दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि तुळजाला स्वतःची किळस आली.

"बांबू टाकाऽऽ!" ती जीव खाऊन ओरडली.

वाडी त्याचीच वाट बघत होती. पलीकडून दोर येऊन पडले, बांबू सरकले, दोन्ही काठांच्या झाडांना रानवेलींनी करकचून आवळले गेले. तुळजा कमरेला दोर बांधून काठाशी कंबरभर पाण्यात उभी राहून टोक धरत होती. झोळी डगमगत अलीकडे आली. साहेबांनी काही न विचारता स्वतःची जीप दिली. कान्हू बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि जीप सुटली.

तासाभराने ड्रायव्हर रिकामी जीप घेऊन परतला. राखीला वेळेत इंजेक्शन मिळालं होतं, धोका टळला होता. तुळजाने तिथंच चिखलात बसकण मारली आणि पदराने डोळे पुसले.

साहेबांनी मात्र खिशातून मोबाइल काढला आणि साकवाचा फोटो घेतला.

"वाईट वाटून घेऊ नका, अध्यक्षबाई. जे दिसलं ते मला लिहावं लागतं. साकव आहे."

दत्तप्रसादने कपाळावर हात मारला. वेली तोडायला घेतलेला कोयता तिथंच पडला होता, तो उचलून तुळजा साकवावरून चालू लागली. दमली बिचारी, घरी निघाली, असंच सगळ्यांना वाटलं.

पलीकडे पोचल्यावर ती वळली आणि झाडाशी वाकली. एक घाव, दुसरा घाव. वेली तुटल्या. बांबू कलंडले, गर्रकन फिरले आणि लोंढ्याबरोबर गेले. आता ती होती, तिचं घर होतं, सगळी वाडी होती, आणि मध्ये ओढा.

"अहो, हे काय केलंत!" साहेब छत्री टाकून काठापर्यंत धावले. "उद्या परत कोणाला साप चावला तर?"

तुळजा सरळ उभी राहिली.

"त्येच लिवा, सायेब!"