तेरड्यातली जागा

लातूरच्या त्या घरामागं सासूनं तेरडा वाढवला होता. वाढवला कसला, म्हातारी दुपारभर भिंतीपाशी मांडी घालून बसायची आणि पिकलेल्या शेंगा बोटानं फोडायची. लेक तिथंच चहा आणून द्यायचा. उडालेलं बी पावसाळ्यात आपोआप उगवायचं. शिवगंगेला त्या फुकट्या फुलांची आणि सासूची सारखीच शिसारी होती.

उन्हाळ्यात म्हातारी गेली. लिंगायतांच्या रीतीनं तिला मांडी घालून, बसवून पुरलं.

"बसवलेलं माणूस उठत नसतंय," शिवगंगा समाधानानं म्हणाली.

यंदाही तेरडा न पेरता माजला. फक्त भिंतीपाशी माणूस बसेल एवढी जागा मोकळी राहिली.

"आई बसून बसून माती दबली असंल," नवरा, रुद्रेश, म्हणाला.

"मेल्यावरबी जागा अडवूनच बसली म्हण की."

भादव्यात शेंगा पिकल्या. वारा नसतानाही फुटायला लागल्या, पण त्या जागेभोवतीच्याच, हात पोचेल तेवढ्याच.

एका दुपारी शिवगंगा फुलं तुडवत गेली आणि तिथंच मांडी ठोकून बसली. जागा तिला बेतून केल्यासारखी बसली.

"बघू आता कोण फोडतंय."

शेजारची शेंग फुटली. मग पलीकडची. तिनं पाहिलं, तर फोडणारी बोटं तिचीच होती. ती उठायला गेली, पण मांडी सुटेना. तिनं रुद्रेशला हाक मारली.

तो सावकाश आला. हातात कपबशी होती.

"ओरडू नको, आई," तो म्हणाला. "आणलाय चहा."