आधी खुनी सांगा

"या नव्या कादंबरीतला खुनी कोण ते सांगा, मगच घेतो," मी म्हणालो.

दुकानदार हसला. "काका, मग वाचणार काय?"

"बायको शेवटचं पान आधी वाचून मला खुनी सांगायची. मग मी निवांत वाचायचो. ती वारल्यापासून एकही रहस्यकथा पुरी झाली नाही. धास्तीच वाटते."

"मग शेवटचं पान तुम्हीच बघा."

"ते तिचं काम."

तो शेवटचं पान काढून अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "धाकटा जावई!"

"द्या बांधून."

मागच्या बाईंनी हातातली तीच कादंबरी फळीवर आपटली. "अहो, मी घेत होते ना!" त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

नवं लग्न झालं तेव्हा मीही बायकोकडे असंच पाहायचो.